सूत (माप)

लोहार, सुतार, गवंडी आणि गॅरेजवाले यांचे लांबीचे जुने माप. इंचाचा आठवा भाग, म्हणजे 3.175 मिमी. ‘चार सुती’ बोल्ट अर्ध्या इंचाचा. दशमान मापांचा कायदा 1956 चा. तरी तिसगावसारख्या बाजारगावापासून मुंबईपर्यंत 12 मिमी. सळईला ‘चार सुती’च म्हणतात, वास्तविक अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. सळईत हा फरक खपतो, बोल्टाच्या आट्यांत नाही. ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थ याने 1841 मध्ये सुचविलेल्या इंची आट्यांचा कोन 55 अंश, मेट्रिकचा 60. शिवाय दोन आट्यांमधले अंतरही निराळे. त्यामुळे चार सुती बोल्टावर 12 मिमी.ची चाकी बसत नाही. पान्ह्याने जबरदस्ती केल्यास आटे मरतात.