ऊन पाणी आणि हट्टीचे सोने

कानडी आणि मराठी या शेजारणींनी एकमेकींना जे शब्द दिले, त्यांत 'होन' हा वजनाने सर्वांत जड. कानडीतले 'होन्नु' म्हणजे सोने. तेच शिवकाळात 'होन' होऊन खणखणले. दुसरा शब्द कोकणचा. 'ऊन' म्हणजे गरम. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे ही गावे तिथल्या कढत झऱ्यांनीच ओळखली जातात. घाटावरचे सोने आणि घाटाखालचे ऊन पाणी यांचे नाते काय, आणि ते कुठवर, हे भूशास्त्राने गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू उलगडले.

या शोधाचा आरंभ पंडितांनी केला नाही, जालगारांनी केला. धारवाड-गदग भागात ओढ्यांतली वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे हे लोक. आपल्याकडे सराफकट्ट्याची माती धुणाऱ्या झारेकऱ्यांचाच हा धंदा. फरक इतकाच की जालगारांची पेढी म्हणजे डोंगर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी डंबळ डोंगरांतल्या सुवर्णयुक्त खडकांवर १८७४ मध्ये लिहिले. १८७६ मध्ये 'दक्षिण मराठा मुलुखा'च्या भूरचनेवर त्यांचा ग्रंथ आला. आज दोन राज्यांत विभागलेला हा टापू त्यात सलग वर्णिलेला आहे. पुढे इथल्या अतिप्राचीन खडकांच्या मालिकेला फूट यांनी 'धारवाड' हे नाव दिले आणि ते भूशास्त्रात रूढ झाले.

याच मालिकेत रायचूर जिल्ह्यातले हट्टी येते. तिथे खाणकाम करू गेलेल्यांना आपल्या आधी कोणीतरी खाली उतरून गेल्याच्या खुणा सापडल्या. जुनी विवरे सहाशे फुटांहून खोल होती. आतल्या लाकडाचे किरणोत्सारी कार्बनने वय काढले, तेव्हा ते सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. सुरुंगाची दारू नसताना माणसांनी खडकाला आग लावून, तो तडकवून, हे काम केले. त्यांची नावे उरली नाहीत; पण सोन्याच्या शोधाने एक मोठे नाव मात्र परत मिळवून दिले. १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात फिरणारे खाण-अभियंते बीडन यांना हट्टीजवळच्या मस्की येथे एक शिलालेख आढळला. 'देवानांपिय' म्हणवणाऱ्या राजाचे 'अशोक' हे नाव त्यात प्रथमच स्पष्ट वाचता आले.

हे सोने खडकात आले कसे? उत्तर आहे, पाण्याबरोबर. खोल भूगर्भातल्या कढत, गंधकयुक्त पाण्यात सोने अत्यल्प प्रमाणात विरघळते. ते पाणी भेगांतून वर सरकते. दाब उतरला, उष्णता घटली किंवा गंधक लोहयुक्त खडकाशी संयोग पावले, की सोन्याचा आधार सुटतो आणि ते गारगोटीबरोबर भेगेत साचते. ही केवळ कल्पना नव्हे. न्यूझीलंडमधल्या एका उष्ण कुंडाच्या नारिंगी गाळात टनामागे सुमारे ८० ग्रॅम सोने असल्याचे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये त्याच देशातल्या भूऔष्णिक विहिरींच्या नळांत, जिथे दाब एकदम उतरतो नेमक्या तिथे, सोने साचल्याचे दाखवण्यात आले. पापुआ न्यू गिनीतल्या लिहीर बेटावर तर सोन्याची खाणच उष्ण क्षेत्रात आहे, आणि तिथल्या वाफेवर खाणीसाठी वीज निर्माण केली गेली.

मग कोकणच्या झऱ्यांत सोने का नाही? कारण हे नाते सख्खे नाही, चुलत आहे. हट्टीच्या शिरा सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, काही किलोमीटर खोलीवर, तीनशे अंशांच्या आसपासच्या पाण्यातून घडल्या. कोकणचे पाणी म्हणजे मुख्यतः जमिनीत मुरून, तापून, भेगांतून वर आलेले पावसाचे पाणी. काही ठिकाणी त्यात समुद्राचा खारटपणा मिसळलेला. सोने पेलण्याइतकी उष्णता आणि गंधक त्यात नाही.

त्याची श्रीमंती उष्णतेत आहे. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, तिथे खडकाचे तापमान सुमारे ६५ अंश होते. उन्हवऱ्याला सत्तर अंशांच्या आसपासचे पाणी जमिनीवर आपणहून येते. थॉमस ओल्डहॅम यांची देशातल्या सुमारे तीनशे झऱ्यांची यादी १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६६ मध्ये केंद्र सरकारने उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली; नंतर लडाखच्या पुगा खोऱ्यात आणि कोकणातही विंधणविवरे घेतली गेली. कोकणच्या पाण्यावर वीज मात्र अजून झालेली नाही. दोनशे अंशांची वाफ नसली, तरी फळे-मासळी वाळवणे, शीतगृहे चालवणे, यांना हे तापमान उपयोगी पडू शकते.

कोलार २००१ मध्ये बंद पडले. सुमारे आठशे टन सोने गेले. मागे उरले ते खाणीच्या मातीचे डोंगर आणि रोजगार गेलेली कुटुंबे. हट्टी चालू आहे. पण शिरेतले सोने एकदा काढले की संपते. झऱ्याचे पाणी बेताने वापरले तर पाऊस ते पुन्हा भरतो. जालगारांनी ओढ्याची वाळू पाहून डोंगर ओळखला. तीच चिकाटी आता झऱ्यापाशी दाखवायला हवी.