फरशी आणि तिची मोजणीवही

नव्या घरांत पाऊल टाकलें कीं आपण भिंती पाहतों, छत पाहतों; पायांखालच्या फरशीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. जालन्यासारख्या व्यापारी गांवीं या फरशीचा इतिहास आगगाडीच्या रुळांवरून आला, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला. त्यापूर्वीं हें गांव औरंगाबाद जिल्ह्यांत मोडे, आणि १९४८ पर्यंत तर निजामाच्या राज्यांत. रेल्वे येण्याआधीं घराची जमीन म्हणजे शेणानें सारवलेली भुई. सुखवस्तूंच्या वाड्यांत फार तर चुन्याचा घोटीव कोबा. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग जालन्यावरून सुरू झाला. ज्याच्या नांवानें आपण फरशी ओळखतों तें शहाबादहि निजामाच्याच मुलखांत, वाडी जंक्शनाजवळ. खाणींतून थरांथरांनीं सुटणारा हा चुनखडीचा दगड उन्हाळ्यांत गार राहतो; मराठवाड्यानें तो पुरता आपलासा केला. मात्र मनमाडमार्गें या कीं सिकंदराबादमार्गें, रुंद रुळांवरून मीटरगेजवर माल हलवावा लागेच. हाताळणी आली कीं फूट आली, आणि फूट आली कीं नुकसान कोणाचें हा वाद आला. फरशीच्या धंद्यांत नगांचा हिशेब काटेकोर कां, याचें उत्तर येथेंच सांपडतें.

रंगीत नक्षीच्या फरश्या आधीं विलायतेहून येत. मिंटन हें त्यांतलें गाजलेलें नांव. स्वदेशीच्या भावनेनें फेरोजशा व रुस्तुम सिधवा यांनीं १९२२ सालीं ‘भारत’ फरशीचा धंदा उभारला व उरण येथें कारखाना काढला. ही फरशी भट्टींत भाजावी लागत नाहीं. पोलादी सांच्यांत नक्षीची जाळी ठेवून तिच्या घरांत रंगीत सिमेंट ओततात, जाळी अलगद उचलतात, मागें सिमेंट-वाळूचा थर देऊन दाबतात, आणि मग पाण्यांत मुरवितात.

अशी फरशी बसविणें म्हणजे आधीं गणित. खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब. फरशी ८ इंचांची. एका बाजूस १५, दुसरीस १८, एकूण २७० नग. कांठाला एक ओळ वेलबुट्टीची हवी असेल तर तिचे ६२. त्यांतले ४ कोपऱ्यांचे, त्यांचा सांचा निराळा. मधले २०८. येथें एका कोपऱ्याची फरशी कमी मागविली तर सारें काम अडून बसतें! शिवाय जुन्या वाड्याची खोली काटकोनांत असतेच असें नाहीं. म्हणून चांगला गवंडी थापी हातीं घेण्यापूर्वीं दोन्ही कर्ण दोरीनें मोजून पाहतो, गुण्या लावतो, आणि मग मधूनच ओळी धरतो. वांकडेपणा कांठाच्या तुकड्यांत जिरतो. कागदावरचें माप आणि भिंतींमधलें माप यांत मी नेहमीं भिंतींचेंच खरें मानीन.

सरकारी बांधकाम खात्यानें या कामाला मोजणीवहीची शिस्त लावली. पानांना आधींच क्रमांक, नोंद शाईची, खाडाखोड नाहीं. चूक झाली तर ओळ मारून बाजूला सही. लांबी गुणिले रुंदी, आणि १०० चौरस फुटांचा एक ब्रास. खाजगी कामांत लोक या वहीला कंटाळतात, आणि मग मजुरीच्या दिवशीं मालक व गवंडी दोघेहि हातवारे करीत उभे राहतात. दाराच्या उंबऱ्यांतली पट्टी मोजली कीं नाहीं, भिंतीच्या पायथ्याची पट्टी चौरस फुटांत धरावयाची कीं लांबीवर, हें आधीं लिहिलें असतें तर गवंड्याची मजुरी बुडाली नसती.

त्याहून महत्त्वाची नोंद, जें पुढें दिसणार नाहीं त्याची. भुईचा भराव किती ठोकला, त्यावर पाणी मारलें काय, सिमेंटची फरशी बसविण्याआधीं भिजविली काय, हें सारें फरशीखालीं गाडलें जातें. नंतर एखादी फरशी काठीनें ठोकली असतां बद्द वाजते, तेव्हां कोणाचा हात आंखडला हें कोण सांगणार?

आजच्या चकचकीत फरश्या बहुधा गुजरातेंतल्या मोरवीहून येतात. त्यांच्या खोक्यावर छटेचा क्रमांक छापलेला असतो. तो टिपून ठेवावा, आणि उरलेल्या आठ-दहा फरश्या माळ्यावर कोठें ठेवल्या तेंहि. वीस वर्षांनीं नळ दुरुस्त करतांना न्हाणीघरांतली एक फरशी फुटते. तो क्रमांक हातीं असला तरी तसली फरशी बाजारांत मिळत नाहीं, आणि मग माळा धुंडाळावा लागतो.