दख्खनी मेंढी : सुधारणा कोणाच्या हिशेबाने?

मागच्या व्याख्यानात आपण धनगरांच्या वाटा पाहिल्या. आज त्या वाटांवर चालणाऱ्या मेंढीकडे वळू.

माण, आटपाडी, जत, सांगोला हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथली काळी दख्खनी मेंढी वर्षाकाठी किलोभरही लोकर देत नाही, आणि ती लोकरही जाडीभरडी. घोंगडीला चालते, गिरणीला नाही. त्यामुळे सरकारदरबारी ती कायम 'निकृष्ट' ठरली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मेरिनो नर आणून पाहिले. स्वातंत्र्यानंतर मेरिनोसोबत रॅम्बुलेही आली. उद्देश एकच, मऊ पांढरी लोकर.

आता धनगराचा हिशेब बघा. त्याला मेंढी कशाला लागते? पावसाळा सरला की शेकडो मैल चालायला, वाळक्या काडीवर जगायला आणि शेतकऱ्याच्या रानात रात्री बसवायला. त्या लेंडीखताच्या बदल्यात त्याला धान्य मिळे. या हिशेबात लोकर शेवटी येते. संकरित मेंढरं उन्हात आणि लांबच्या चालीत टिकेनात, म्हणून धनगरांनी ती फारशी स्वीकारली नाहीत. अहवालांनी त्याला 'अडाणीपणा' म्हटलं. आपण त्याला अनुभव म्हणू.

पुढे घोंगडीची मागणी घटली आणि कमाई मांसावर, म्हणजेच कोकरांवर आली. दख्खनी मेंढी मात्र बहुधा एकच कोकरू देते. इथे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यात एक जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे पोचला आणि 'बूरूला' नावाने गाजला. संस्थेने गरोळचा तेवढा गुण घेतला आणि पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करून अंगलोट, चाल, काटकपणा इथलाच ठेवला. तीच 'सुवर्णा'.

म्हणून प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. दोन कोकरांना दूध पुरायचं तर आईच्या पोटात चारा हवा, आणि गायरानं तर आक्रसत चालली आहेत. जनुक बंगालहून आणता येतो, कुरण आणता येत नाही. तेव्हा पुढच्या व्याख्यानात गायरानांचाच इतिहास घेऊ.