मनमाडचा माल कोणाच्या खात्यावर?

1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडला येऊन मिळाली आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईशी जोडले गेले. जोडले गेले ते अर्धेच! मुंबईहून येणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेच्या रुळांतील अंतर 1,676 मिलिमीटर, तर निजामाच्या रेल्वेचे 1,000. त्यामुळे कापसाच्या गाठी मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भराव्या लागत.

समजा, औरंगाबादहून मुंबईला 1 टन कापूस गेला. दोन्ही रेल्वे आपापल्या वहीत 1 टन लिहिणार. बेरीज केली तर 2 टन! म्हणून वजनाला अंतराने गुणतात. मनमाडपर्यंत सुमारे 113 किलोमीटर आणि पुढे सुमारे 260, म्हणजे एकूण 373 टन-किलोमीटर. यात काहीच दोनदा मोजले जात नाही.

युरोपात हा प्रश्न रोजचाच आहे. रॉटरडॅमहून इटलीला निघालेला माल जर्मनी व स्वित्झर्लंड ओलांडतो आणि चारही देशांच्या टनांत दिसतो. प्रवाशांचेही तसेच. 2019 मध्ये जर्मनीत सुमारे 10,000 कोटी प्रवासी-किलोमीटर झाले, स्वित्झर्लंडमध्ये सुमारे 2,100 कोटी. पण लोकसंख्येने भागले की जर्मन माणूस वर्षाला साधारण 1,200 किलोमीटर रेल्वेने जातो, स्विस माणूस त्याच्या दुप्पट. कल पाहताना तर आरंभवर्षच निकाल फिरवते. पोलंडची प्रवासी वाहतूक 1990 नंतर निम्म्याहून खाली आली. तुलना 1990 पासून केली तर 2019 मध्ये मोठी घट दिसते, 2005 पासून केली तर वाढ. विद्यार्थ्यांना दोन्ही आलेख काढायला लावावेत.

आपल्याकडे याच हिशेबाला राजकीय धार होती. मराठवाड्यात ब्रॉडगेजची मागणी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. वाहतूक पुरेशी असेल तरच रूळ रुंद करायचे, असा नियम लावला तर मीटरगेजचा प्रदेश कायमचा अडकतो. मनमाडला माल उतरवण्याचा खर्च आणि वेळ टाळण्यासाठी व्यापारी ट्रककडे वळणार, आणि मग आकडा आणखी लहान होणार. मागणीच कमी आहे की सोय नाही म्हणून माल येत नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही.

1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात मनमाड-औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मुंबईची गाडी डबे न बदलता थेट शहरात येऊ लागली.