रडारच्या अँटेना-मालिकेतील शलाका-सुधारणेचा इतिहास : एक अभ्यास

प्रस्तावना :
रडारमध्ये अनेक अँटेना एका ओळीत मांडून त्यांच्या लहरींची बेरीज इच्छित दिशेला घडवून आणली जाते. त्या दिशेला मुख्य शलाका निर्माण होते. परंतु तिच्या दोन्ही बाजूंना दुर्बल अशा पार्श्वशलाकाही निघतात. पार्श्वशलाकेतून आलेला प्रतिध्वनी मुख्य शलाकेतील समजला गेल्यास विमान भलत्याच दिशेला दिसते. शत्रूच्या गोंधळ माजविणाऱ्या लहरीही याच वाटेने आत शिरतात. प्रस्तुत लेखात या दोषावरील उपायांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

विषय-विवेचन :
रडारपूर्व काळात, १९०५ मध्ये, कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी तीन अँटेनांच्या साहाय्याने लहरींना दिशा देता येते, हे दाखविले. सर्व अँटेनांना समान विद्युतप्रवाह दिल्यास मुख्य शलाका अरुंद राहते. मात्र लगतची पार्श्वशलाका तिच्याहून केवळ सुमारे १३ डेसिबेलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात साधारण वीसपटीने, दुर्बल असते. जॉन स्टोन स्टोन यांनी १९२० च्या दशकात द्विपद सहगुणकांच्या प्रमाणात प्रवाह वाटण्याची रीत मांडली. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर पार्श्वशलाका नाहीशा झाल्या. पण मुख्य शलाका रुंदावली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या प्रश्नाला गणिती रूप मिळाले. बेल प्रयोगशाळेतील एस. ए. शेल्कुनॉफ यांनी १९४३ मध्ये अँटेना-मालिका ही एक बहुपदी आहे, असे प्रतिपादन केले. सी. एल. डॉल्फ यांनी १९४६ मध्ये त्यासाठी चेबिशेव्ह बहुपदींचा उपयोग केला. रशियन गणितज्ञ चेबिशेव्ह यांना १८५४ च्या सुमारास या बहुपदी वाफेच्या यंत्रातील दांड्यांच्या जोडणीचा विचार करताना सापडल्या होत्या. पार्श्वशलाकांची मर्यादा एकदा ठरविली की अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावरील मालिकेत याहून अरुंद मुख्य शलाका मिळणे अशक्य आहे, हे डॉल्फ यांनी सिद्ध केले.

तथापि या पद्धतीत सर्व पार्श्वशलाका समान उंचीच्या राहतात आणि लांब मालिकेत टोकाच्या अँटेनांना शेजारच्यांहून बराच अधिक प्रवाह द्यावा लागतो. टी. टी. टेलर यांनी १९५५ मध्ये जवळच्या काही पार्श्वशलाकाच जवळपास समान ठेवून दूरच्या क्रमाने क्षीण होऊ दिल्या. मुख्य शलाका किंचित रुंद झाली, पण रचना व्यवहार्य ठरली.

पुढे पॉल हॉवेल्स व सिडनी ॲपलबॉम यांच्या कार्यातून, शत्रूच्या लहरी ज्या दिशेने येतात तेथेच ग्रहणशक्ती आपोआप शून्यवत करणारी पद्धत विकसित झाली. १९७७ मध्ये अमेरिकी वायुदलात दाखल झालेल्या ई-३ विमानाच्या रडारला जमिनीच्या प्रचंड प्रतिध्वनीतून खालून उडणारे विमान वेगळे काढावयाचे होते. त्यासाठी पार्श्वशलाका अत्यंत क्षीण ठेवणे अपरिहार्य होते.

निष्कर्ष :
शलाका-सुधारणेचा इतिहास हा दोष-निर्मूलनाचा नसून तडजोडीचा इतिहास आहे. अरुंद शलाका आणि क्षीण पार्श्वशलाका यांपैकी एकीसाठी दुसरीचा काही अंश सोडावाच लागतो. डॉल्फ यांच्या सिद्धतेचे महत्त्व असे की, नेमके किती सोडावे लागेल हे अभियंत्याला प्रथमच आधी मोजता आले.