समुद्रावरची अंडी

मंडळी, हर्णे बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मांडलेली कोळंबी ही झुरळाची लांबची नातेवाईक आहे! (जेवण झाल्यावर वाचा हवं तर.) चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी कीटक ह्याच कवचवाल्या घराण्यातून जमिनीवर आले.

कोळंबी अंडी सरळ पाण्यात सोडून देते. जमिनीवर तसं केलं तर अंडं सुकणार. कीटकांचा तोडगा म्हणजे बाहेरून टरफल आणि आत गर्भाभोवती सेरोसा नावाचा पडदा. २०१३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याच्या अंड्यांत हा पडदा तयारच होऊ दिला नाही, तर कोरड्या हवेत फारच थोडी अंडी फुटली.

एवढी सोय झाल्यावर काय, कुठेही घाला अंडी! आंब्याचा तुडतुडा मोहोराच्या देठात घालतो, नारळाचा गेंड्या भुंगा शेणखतात. २०१९ साली 'नेचर'मध्ये ६,७०० हून जास्त जातींच्या अंड्यांचा अभ्यास आला. अडीचशे वर्षांचे जुने निबंध प्रोग्रॅम लिहून चाळले होते, त्यामुळे मला जरा जास्तच आपुलकी. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंड्याच्या घनफळात दहा कोटी पटींहून जास्त फरक! मोठ्या अंड्याला वाढायला वेळ जास्त, हा जुना समज त्यात टिकला नाही. अंडं कुठे घातलं जातं ह्याचा संबंध मात्र दिसला.

आता खरी गंमत. विहिरीच्या पाण्यावर सरसर धावणारे लांब पायांचे किडे पाहिलेत ना? त्यांचा एक भाऊबंद, हॅलोबेटिस, समुद्रावर परतला. १८१५-१८ च्या 'रूरिक' ह्या रशियन जहाजावरचे डॉक्टर एशशोल्ट्झ ह्यांनी १८२२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्याच्या चाळीसहून जास्त जाती बहुतेक किनाऱ्यालगतच्या, पण पाच थेट भर समुद्रात राहतात. आपल्या हिंदी महासागरातसुद्धा. पाण्यात परतला खरा, पण अंडं चिकटवायला अजूनही काहीतरी घट्ट लागतंच. पक्ष्याचं पीस, लाकूड, माकुळाचं हाड... जे तरंगत येईल ते. आणि भर समुद्रात असं येतं कितीसं? त्यामुळे जागेचा कायम दुष्काळ.

तो दुष्काळ आपण संपवला. २००२ साली छापलेल्या एका नोंदीत प्रशांत महासागरातल्या एकाच प्लास्टिकच्या कॅनवर ७०,००० अंडी होती, पंधरा थरांत. २०१२ च्या अभ्यासात उत्तर प्रशांतातले प्लास्टिकचे कण चाळीस वर्षांत सुमारे शंभर पट वाढलेले आढळले, आणि त्याबरोबर ह्या किड्याची अंडीही वाढलेली. हर्ण्याच्या पुळणीवरून ओहोटीबरोबर आत जाणारा थर्माकोलचा तुकडा त्याच्या दृष्टीने पीसच.