तंबू, तारीख आणि तिकीट : प्रयोगाच्या बाजारपेठेचा एक तौलनिक आलेख

बंगळूर शहराच्या दक्षिणेकडील बनशंकरी ही वसाहत ज्या देवीच्या नावाने ओळखली जाते, तिचे मूळ ठाणे बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळ, चोळचगुड्ड येथे आहे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचीही ती कुलदेवता. शाकंभरी या नावाने तिचे नवरात्र घरोघरी पाळले जाते. पौष पौर्णिमेच्या सुमारास मूळ ठाण्याची जत्रा भरते. ही जत्रा देवीच्या रथासाठी जितकी, तितकीच कन्नड वृत्ती रंगभूमीच्या नाटक कंपन्यांसाठी प्रसिद्ध आहे. अनेक कंपन्या एकाच परिसरात आपापले तंबू ठोकतात आणि काही आठवडे मुक्काम करतात. एका दारावरचा फलक वाचून प्रेक्षक पुढच्या दाराकडे वळू शकतो. स्पर्धा म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी येथे अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही.

ही मोकळीक प्रयोगकलांच्या इतिहासात विरळाच आढळते. एरवी प्रयोग आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणीतरी उभा असतो : नाट्यगृहाचा मालक, प्रयोग विकत घेणारा कंत्राटदार, किंवा अलीकडे संगणकावरून तिकिटे विकणारी कंपनी. मराठीत एकाधिकाराला ‘मक्तेदारी’ म्हणतात. मक्ता म्हणजे ठराविक रक्कम भरून घेतलेला ठेका. तेव्हा या शब्दात मालापेक्षा मधल्या माणसाचीच आठवण अधिक टिकून आहे, आणि नाट्यव्यवहारापुरती तरी ती यथार्थ आहे.

मराठी रंगभूमीचा आरंभ राजाश्रयाचा. होन्नावरजवळच्या कर्की गावाकडील भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीत झाले आणि त्यांच्या प्रेरणेने, चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेवरून, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय संपला. भावे यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. हे नाट्यगृह १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर उभे राहिले होते. या प्रसंगाचे वर्णन सामान्यतः ‘राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे’ असे केले जाते. ते अपुरे आहे. राजा आणि लोक यांच्या दरम्यान एक इमारत आली होती, आणि त्या इमारतीची रात्र मिळाल्याशिवाय लोकाश्रय मिळण्याची सोय नव्हती.

इमारतीची रात्र म्हणजेच मराठी नाट्यव्यवसायाच्या भाषेत ‘तारीख’. ती अडवून ठेवता आली, तर तिकिटाचा दर, कलावंतांचे मानधन आणि नाटकाची निवड या तिन्ही गोष्टी आपोआप हाती येतात. हे सूत्र अमेरिकेत फार लवकर ओळखले गेले. १८९६ मध्ये तेथील सहा व्यावसायिकांनी एकत्र येऊन ‘थिएट्रिकल सिंडिकेट’ स्थापन केले आणि गावोगावच्या नाट्यगृहांच्या तारखा एका कचेरीतून वाटण्यास प्रारंभ केला. कंपनीने सर्व दौरा याच कचेरीमार्फत ठरवावा, नाट्यगृहाने बाहेरची कंपनी घेऊ नये, अशी ही दुहेरी बांधणी होती. तिच्या बाहेर राहिलेल्या सारा बर्नहार्ट या जगद्विख्यात फ्रेंच अभिनेत्रीला १९०६ मध्ये टेक्सासात तंबूत प्रयोग करावे लागले. तंबू ही तिची हौस नव्हती. नाट्यगृहांची दारे बंद असल्याने उरलेला तो एकच मार्ग होता.

तुलनाकारांना अधिक उद्बोधक वाटावे असे पुढेच आहे. मक्तेदारीला आळा घालणारा शर्मन कायदा १८९० पासून अस्तित्वात होता. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली या सिंडिकेटवर खटला झाला, तेव्हा १९०७ मध्ये न्यायालयाने नाटक ही व्यापाराची वस्तूच नव्हे, अशी भूमिका घेतली. कलेचा हा गौरव कलावंतांना चांगलाच महागात पडला! नाटक व्यापारापलीकडचे ठरताच त्याचा व्यापार करणारे कायद्यापलीकडे गेले. सिंडिकेटला आव्हान देणारे शुबर्ट बंधू यथावकाश स्वतःच नाट्यगृहांचे अधिपती झाले. अखेर १९५५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाट्यव्यवसायाला शर्मन कायद्यातून सूट नाही, असे त्यांच्याविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट केले आणि पुढच्या वर्षीच्या तडजोडीनुसार त्यांना काही नाट्यगृहे विकावी लागली. ‘कलाकृती की क्रयवस्तू’ हा सौंदर्यशास्त्रातील जुना वाद येथे न्यायालयात निकाली निघाला, तोही साठ वर्षे घेऊन.

मराठीत असे सिंडिकेट झाले नाही. संगीत नाटकाच्या कंपन्या परस्परांशी चुरस करीत, परंतु तारखा गोठवण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. हुबळीस १९०८ मध्ये स्थापन झालेली केशवराव भोसले यांची ललितकलादर्श आणि १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रबळ प्रतिस्पर्धी संस्था. त्या १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ करण्यास एकत्र आल्या. प्रतिस्पर्ध्यांच्या अशा एकीकडे आजचा कायदा कदाचित साशंकतेने पाहील. रसिकांनी मात्र तो सोहळा मानला.

पुढे फिरत्या कंपन्या संपल्या आणि व्यवसाय मुंबईतील शिवाजी मंदिर, पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर यांसारख्या स्थिर वास्तूंभोवती गोळा झाला. तारखा काही महिने आधी वाटल्या जाऊ लागल्या. शनिवार-रविवार कोणाच्या वाट्याला आला, यावर नाटकाचे आयुष्य ठरू लागले. याचा परिणाम संहितेपर्यंत पोहोचला. रात्र-रात्र चालणारे, ‘वन्समोअर’ने लांबणारे पाच अंकी नाटक मागे पडून दोन-अडीच तासांचे दोन अंकी नाटक रूढ झाले, त्यामागे चित्रपटाची स्पर्धा आणि बदललेली अभिरुची होतीच, पण एकाच दिवसात दुपारचे आणि रात्रीचे सत्र बसवणारी नाट्यगृहाची वेळही होती. आकृतिबंधाची चर्चा करताना समीक्षेने या वेळापत्रकाकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे.

भारतात १९६९ च्या मक्तेदारी कायद्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. त्यातील प्रमुख कलमे २००९ मध्ये अंमलात आली. मोठे असणे हा आता दोष राहिला नाही, वर्चस्वाचा गैरवापर हा दोष ठरला. चित्रपटगृहांशी केलेल्या अनन्य करारांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जून २०२२ मध्ये ‘बुकमायशो’च्या चौकशीचा आदेश दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील कोल्डप्लेच्या मैफलींची तिकिटे विक्रीस येताच संपली आणि दुय्यम बाजारात अनेक पटींनी विकावयास निघाली. तेव्हा लोकांचा रोष काळ्याबाजारावर होता. तथापि आयोजन आणि तिकीटविक्री दोन्ही एकाच समूहाकडे होती, या मूलभूत गोष्टीची चर्चा तुलनेने कमी झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याविषयीची जनहित याचिका, हा विषय कायदेमंडळाचा आणि शासनाचा आहे असे सांगून फेटाळली. अमेरिकेत २०१० मध्ये ‘लाइव्ह नेशन’ आणि ‘टिकेटमास्टर’ यांच्या विलीनीकरणास सरकारने अटींसह संमती दिली होती. त्याच सरकारने मे २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला. प्रेक्षागृह, आयोजन आणि तिकीट एकाच हाती असणे, हाच त्यातील आक्षेप. सिंडिकेटच्या कचेरीतील तारखांची वही संगणकात गेली, इतकाच काय तो फरक. १९९५ मध्ये ‘पर्ल जॅम’ या वाद्यवृंदाने टिकेटमास्टरला वगळून दौरा आखला, तेव्हा त्यालाही आडबाजूची मैदाने शोधावी लागली होती.

मात्र तंबूचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. बदामीच्या माळावरील चुरशीने द्व्यर्थी संवाद आणि भडक विनोद यांनाही बळ दिले आहे. वृत्ती रंगभूमीच्या हितचिंतकांनीच ही तक्रार केली आहे. शेजारच्या तंबूतील हशा ऐकू येत असता गंभीर प्रवेश लिहिणे सोपे नव्हे.

याच्या नेमकी उलट रचना बंगळूरच्या बनशंकरीपासून जवळच, जे. पी. नगरात पाहावयास मिळते. तेथे २००४ मध्ये सुरू झालेली ‘रंगशंकरा’ ही वास्तू शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने उभी राहिली. मराठी रंगभूमीशी दोघांचेही नाते होते. शंकर नाग तर भावे यांना प्रेरणा देणाऱ्या भागवत मंडळींच्याच होन्नावर परिसरातले. दिवसाला एक नाटक हे या वास्तूचे ब्रीद आहे. नाट्यसंस्थांना ती अल्प भाड्यात मिळते, आणि प्रयोग सुरू झाल्यावर दार बंद होते. उशिरा आलेल्या प्रेक्षकाला, त्याच्या हाती तिकीट असले तरी, आत घेतले जात नाही. दार येथेही एकच आहे आणि तारखाही एकाच ठिकाणी ठरतात. पण ज्याच्या हाती तारीख आहे त्याला तिकिटाच्या नफ्यात रस नाही, आणि कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी संस्था एकाच मंचावर पाठोपाठ येऊन जातात.